खाट सहा, खाट सात

पिवळं औषध मिठाच्या पाण्यात फाटतं,
नासक्या दुधासारखं.
म्हणून ते ग्लुकोजमध्येच कालवायचं.
उजेडही सोसत नाही त्याला;
सिरिंजला मी चंदेरी कागद गुंडाळते,
लग्नातल्या नारळाला गुंडाळतात तसा.
पाच मायक्रोग्रॅम. थेंबाच्या पोटातला थेंब.
सहा झाले तर डोळ्यातला पडदा जळेल का,
हे छातीठोक सांगणारं मिरजेत मला कुणी भेटलेलं नाही,
म्हणून पाचवर हात थांबतो. श्वाससुद्धा.

पांढरं त्यामानाने गरीब स्वभावाचं.
शंभर मायक्रोग्रॅमपर्यंत डोळा कुरकुरत नाही.
पण ते राहत नाही घरात.
आलं, पाणी प्यालं, चप्पल घातली;
काही तासांत डोळा पुन्हा एकटा
आणि बुरशी आपली मांडी घालून बसलेली.

कुडचीकर मॅडमना तक्ता हवाय.
दोन औषधं, दोन वर्षं, अठरा डोळे.
कोणतं सरस, एका ओळीत.
मी रेघा आखून दिल्यात.

खाट सहा. गजराबाई ऐवळे.
सांगली यार्डात हळदीच्या पॉलिशचा ढोल फिरवतात.
ढोलातून कपची उडाली.
लाली जायला मेडिकलातून आणलेले थेंब आठ दिवस घातले.
लाली गेली. नजरही गेली.
आता आत कापसाचे पुंजके, मोत्याच्या माळेसारखे ओवलेले.
सुई बघून म्हणाल्या,
"पिवळंच का गं बाई?
हळद तर आधीच गेलीया डोळ्यात."
मी हसले, मग हसल्याचं वाईट वाटलं.

खाट सात. इस्माईल पेंढारी.
स्टेशनसमोर घड्याळं दुरुस्त करायचे,
उजव्या डोळ्याला भिंग लावून.
त्यांना काही लागलं नव्हतं, काही उडालं नव्हतं.
साखर चारशे, महिनाभर दुसऱ्या वॉर्डात नळ्या,
बुरशी रक्तातून चालत आली
आणि नेमका भिंगाचा डोळा धरला.
त्यांना पांढरं, डोळ्यात आणि शिरेतूनही.
रात्री म्हणायचे, भिंतीवर निळ्या ठिणग्या पडतायत,
कुणीतरी वेल्डिंग करतंय.
मी सांगायचे, औषधाचं आहे, जाईल.
ते म्हणाले, "राहू द्या की. काही दिसतंय तरी."

एकाची बुरशी मातीतली, एकाची रक्तातली.
एक आठ दिवसांनी आली, एक तिसऱ्या दिवशी.
मग मी तुलना कशाची करतेय?
पिवळ्याची पांढऱ्याशी,
की ढोलाची घड्याळाशी?

शिवाय गजराबाईंचा पिवळ्याने उतार पडेना.
चौथ्या सुईला मॅडमनी पांढरं घेतलं.
तक्त्यात मी बाण काढला, पिवळ्यातून पांढऱ्याकडे.
मग खोडला. मग पुन्हा काढला.
इस्माईलभाई गुरुवारी घरी गेले, चांगले होऊन,
आणि पुढल्या मंगळवारी परत आले.
त्यांच्या रकान्यात अजून पेन्सिलच आहे.

सहाव्या आठवड्याला गजराबाई तपासणीला आल्या.
अक्षरांचा बोर्ड त्यांना कधीच वाचता येत नव्हता,
चांगल्या डोळ्यानेही.
डॉक्टरांनी बोटं धरली: दोन फुटांवर तीन.
"तीन," असं लिहिलं गेलं.

बाहेर माझ्या खिडकीशी थांबल्या.
मी फोडणीच्या सामानात आणलेलं
हळकुंड पर्समधून काढून दिलं, उगाच.
चांगला डोळा त्यांनी तळव्याने झाकला,
हळकुंड कडकन मोडलं,
मोडलेलं टोक नाकापर्यंत आणलं
आणि बराच वेळ बघत राहिल्या.
दवाखान्याचं घड्याळ मागे पडतं हे मला तेव्हा कळलं.

"राजापुरी हाय," म्हणाल्या.
"पर भिजलेली. कुठनं घेतलीस?
आतनं काळी पडाय लागलीया बघ कडेला.
फेकून दे. घरात ठेवू नगंस,
बाकीच्याला लागंल."